मन ठीक नसेल तर फोनवरून मदत कशी मिळवायची? टेली-मानस १४४१६ पासून सरकारी ओपीडीपर्यंत सगळी माहिती



एरवी मी इथे फोनची बॅटरी, स्टोरेज, नवीन अपडेट असल्या गोष्टींवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण यातही फोनच लागतो, आणि मला वाटतं आजवर लिहिलेल्या कुठल्याही ट्रिकपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

आधी हे वाचा: तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात आत्ता, या क्षणी जीव देण्याचे विचार येत असतील तर पुढचा लेख नंतर वाचा. १४४१६ ला कॉल करा. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा, आणि घरात किंवा खोलीत जो कुणी जागा असेल त्याला उठवा. एकटे थांबू नका.

## मी हे का लिहितोय?

गेल्या वर्षीची गोष्ट. मी आणि माझा रूममेट पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. तो एमपीएससी करत होता. पूर्वचा निकाल लागला आणि तो कटऑफला दोन मार्कांनी राहिला. त्यानंतर त्याने अभ्यासिकेत जाणं सोडलं. मेसचा डबा तसाच परत जायला लागला. मी म्हणायचो, "होईल रे पुढच्या वेळी." तो नुसता "हं" म्हणायचा.

एका रात्री दोनच्या सुमारास अंधारातच तो म्हणाला, "मला आता काहीच नको वाटतंय. जगायचंपण नको वाटतंय."

मी उठून बसलो आणि सवयीप्रमाणे फोन हातात घेतला. लोकांना फोन कसा वापरायचा ते मी शिकवतो, पण त्या रात्री काय सर्च करायचं तेच मला सुचेना. काहीतरी टाईप केलं. वर सगळ्या जाहिराती आल्या. एका साइटने "तज्ज्ञांशी लगेच बोला" असं लिहून ४९९ रुपये मागितले. मी यूपीआयने भरलेसुद्धा. मेसेज आला, "आमचे तज्ज्ञ सकाळी १० नंतर संपर्क करतील." तो फोन आजपर्यंत आलेला नाही.

मग खाली स्क्रोल करताना १४४१६ दिसला. फुकट नंबर, सरकारी, रात्री कोण उचलणार, असं वाटलं. तरी लावला. समोर मराठीत बोलणाऱ्या एक ताई आल्या.

पुढे काय झालं ते सांगतोच. हे सगळं त्याची परवानगी घेऊन लिहितोय, नाव मात्र देत नाही.

## टेली-मानस म्हणजे नक्की काय?

टेली-मानस ही केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाची मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा आहे. २०२२ च्या बजेटमध्ये तिची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, ती सुरू झाली. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं मुख्य केंद्र आहे, तर तांत्रिक बाजू तिथल्याच ट्रिपल आयटीकडे आहे. प्रत्येक राज्याचे स्वतःचे कक्ष आहेत. २०२५ पर्यंत या नंबरवर २० लाखांहून जास्त कॉल आले होते. म्हणजे कॉल करणारे तुम्ही काही पहिले नाही आहात.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- नंबर दोन आहेत: १४४१६ आणि १८००-८९१-४४१६. दोन्हींवर तीच सेवा मिळते.
- २४ तास, सातही दिवस चालू.
- पूर्ण मोफत. बॅलन्स कापला जात नाही, डेटा पॅक लागत नाही. साध्या कीपॅड फोनवरूनही लागतो.
- मराठीसह २० भाषांत बोलता येतं.

आतली रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक तुमच्याशी बोलतात. त्यांना वाटलं की यापुढे डॉक्टर हवा, तर दुसऱ्या पायरीवर तज्ज्ञांकडे पाठवतात. म्हणजे जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज किंवा ऑनलाइन डॉक्टर.

## कॉल कसा लावायचा?

१. डायल पॅडवर १४४१६ टाका. पुढे शून्य किंवा एसटीडी कोड लावायचा नाही.

२. रेकॉर्डेड आवाज भाषा विचारेल. घाई करू नका, मराठीचा पर्याय ऐका आणि तो आकडा दाबा. कानाला लावलेल्या फोनवर कीपॅड दिसत नसेल तर कॉल स्क्रीनवरचं कीपॅडचं चिन्ह दाबा.

३. सिम दुसऱ्या राज्याचं आहे? घाबरू नका, भाषा तुम्हीच निवडता.

४. लाईन लागली नाही तर १८००-८९१-४४१६ वर प्रयत्न करा. ड्युअल सिम असेल तर दुसऱ्या सिमवरून लावून बघा.

५. मध्येच कट करावंसं वाटलं तर करा, कुणी रागावणार नाही. पण पुन्हा लावा.

## बोलायचं काय?

इथेच बहुतेक जण अडकतात. "माझा प्रॉब्लेम एवढा मोठा आहे का?" असा प्रश्न पडतो. झोप लागत नाही, परीक्षेची धडधड होते, ब्रेकअप झालंय, कारण नसताना रडू येतं, घरातली दारू, मोबाईल सुटत नाही, हे सगळं चालतं. कॉल करायला आजार "सिद्ध" करावा लागत नाही.

पहिलं वाक्य पाठ करून ठेवलं तरी पुरे: "मला गेले काही दिवस ठीक वाटत नाहीये, मला कुणाशी तरी बोलायचंय." पुढचं ते विचारतात. त्रास कधीपासून आहे, झोप आणि जेवण कसं आहे, सोबत कोण राहतं, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, साधारण असे प्रश्न असतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. तो परीक्षा घ्यायला विचारत नाहीत, मदत किती लवकर हवी ते ठरवायला विचारतात.

## मित्रासाठी कॉल केला तर चालतो का?

चालतो. मी तेच केलं. ताईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या, त्या आजही आठवतात.

पहिली, त्याला सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. मला वाटायचं की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. उलट विचारल्यावर माणसाला मोकळं व्हायला जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

दुसरी, त्याला एकटं सोडू नका, आणि खोलीत धोक्याचं वाटेल असं जे काही असेल ते त्याच्या हाताबाहेर ठेवा.

तिसरी, सकाळी ओपीडीला घेऊन जा. "बघू नंतर" नको.

मी विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग "हो" म्हणाला. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि पस्तीसेक मिनिटं बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, गॅलरीत दारापाशी उभा होतो. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सकाळी जाऊ."

एक गोष्ट मी चुकीची करत होतो तीही सांगतो. "होईल पुढच्या वेळी", "पॉझिटिव्ह राहा", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत" ही वाक्यं बोलणाऱ्याला बरी वाटतात. ऐकणाऱ्याला वाटतं की याला कळलंच नाही.

## ॲप आणि व्हिडिओ कॉल

टेली-मानसचं मोबाईल ॲपही १० ऑक्टोबर २०२४ ला आलं. त्यात ताण, चिंता ओळखण्याची आणि स्वतःची काळजी घेण्याची माहिती आहे, आणि तिथून समुपदेशकाशी जोडता येतं. व्हिडिओवर सल्ला देण्याची सोयही त्याच दिवशी काही राज्यांत सुरू झाली. ॲप घेताना प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेली एपीके फाइल टाकू नका.

दुसरी सोय म्हणजे ई-संजीवनी, सरकारची ऑनलाइन ओपीडी. मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून नोंदणी करायची, त्रास लिहायचा, टोकन घ्यायचं आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं. ही सेवाही मोफत आहे. कॉल झाल्यावर प्रिस्क्रिप्शन फोनवरच मिळतं. फक्त एक लक्षात घ्या: टेलिमेडिसिनच्या २०२० च्या नियमांनुसार काही औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, त्यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं.

## सरकारी ओपीडीत काय होतं?

पहिल्यांदा जाताना भीती वाटते, म्हणून आमचा अनुभव सांगतो.

सकाळी केसपेपर काढायच्या खिडकीवर रांग होती. खिडकीवर "मानसोपचार विभाग" एवढंच म्हणायचं, कारण कुणी विचारत नाही. मग विभागात नंबर लावायचा. बाहेर बाकावर कॉलेजची मुलगी होती, एक आजोबा होते, बाळाला घेऊन आलेली एक बाई होती. माझा मित्र हळूच म्हणाला, "अरे, सगळे आपल्यासारखेच आहेत." डॉक्टर मॅडमनी त्याला आधी झोपेबद्दल विचारलं, मग बाकीचं. मला दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, पुढची तारीख दिली. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं.

जाण्यापूर्वी हे करा:

- फोनच्या नोट्समध्ये मुद्दे लिहा. कधीपासून, झोप किती, भूक कशी, आधी काही औषधं चालू आहेत का. आत गेल्यावर निम्मं विसरायला होतं.
- आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट असतील तर सोबत ठेवा.
- बऱ्याच सरकारी रुग्णालयांत खिडकीजवळ क्यूआर कोड असतो. आभा ॲपने स्कॅन केला की टोकन मिळतं, रांग वाचते. पण आभा ऐच्छिक आहे. नोंद डिजिटल खात्याशी जोडायची नसेल तर हातानेच केसपेपर काढा.

कुठे जायचं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे, त्यामुळे सुरुवात जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलपासून करा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. अशा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही ओपीडी चालते. ओपीडीत गेलं म्हणजे कुणी ॲडमिट करून ठेवत नाही. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.

पैसे किती? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची असल्याने तिथे फी लागू शकते, पण ती खासगीच्या मानाने फारच कमी असते.

## सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक: फरक काय?

- सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ: एमबीबीएस नंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर. औषधं हेच लिहून देतात.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसशास्त्रात शिकलेले. चाचण्या आणि थेरपी करतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते.
- समुपदेशक: बोलून, ऐकून मार्ग काढायला मदत करतात.

कुणाकडे जायचं ते तुम्हीच ठरवलं पाहिजे असं नाही. १४४१६ वर विचारा.

आणि एआय चॅटबॉट? अनेक जण रात्री त्याच्याशी बोलतात, मला माहीत आहे. मन हलकं करायला लिहिलं तर लिहा. पण तो तुमची झोप बघू शकत नाही, केसपेपर काढून देऊ शकत नाही, दार वाजवू शकत नाही. जीवाचा प्रश्न असेल तेव्हा माणूसच हवा.

## घरच्यांना कळेल का? फोनची प्रायव्हसी

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. घरात एकच फोन असेल किंवा कुणी फोन तपासत असेल तर:

१. कॉल झाल्यावर कॉल लॉगमधून ती एंट्री डिलीट करा. माझ्या मित्राने १४४१६ "मेस काका" नावाने सेव्ह केला होता!

२. ऑटो कॉल रेकॉर्डिंग बंद करा. काही अँड्रॉइड फोनमध्ये ते चालू असतं आणि फाइल फोनमध्येच पडून राहते. डायलरच्या सेटिंगमध्ये बघा.

३. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा, म्हणजे ओटीपी आणि अपॉइंटमेंट वर झळकणार नाहीत.

४. गुगल अकाउंट घरात शेअर असेल तर तुमचं सर्च दुसऱ्या फोनवरही दिसू शकतं. इन्कॉग्निटो वापरा. त्याने फोनमधली हिस्ट्री राहत नाही, एवढंच. कॉलेजचं किंवा ऑफिसचं वायफाय असेल तर कुठली साइट उघडली ते तिथे दिसू शकतं.

५. मूड ट्रॅकर किंवा मेडिटेशनच्या ॲपने कॉन्टॅक्ट, एसएमएस किंवा लोकेशन मागितलं तर नाही म्हणा. श्वासाचा व्यायाम शिकवायला तुमची फोनबुक कशाला लागते?

## फसवणूक कशी ओळखायची?

माझे ४९९ गेले, तुमचे जाऊ नयेत. सर्चमध्ये वर "प्रायोजित" लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे. सरकारी हेल्पलाईन कधीही पैसे, यूपीआय पिन, ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच कॉल करा. "४९९ साठी कोण तक्रार करणार" म्हणून मी सोडून दिलं, ते चुकलंच.

## कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी माहीत असू द्या.

- सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे.
- तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद आहे तो जीवाला धोका असेल तेव्हाचा. तेव्हा जीव वाचवण्यापुरती माहिती दुसऱ्याला दिली जाऊ शकते.
- आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असं कायदा धरून चालतो, आणि तिची काळजी, उपचार करणं सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट शिक्षेचं कलम नाही. म्हणून "पोलीस केस होईल" या भीतीने हॉस्पिटलला जायला उशीर करू नका.
- विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यायला हवा.

वय १८ पेक्षा कमी असेल तर उपचाराला पालकांची संमती लागते, पण पहिला कॉल तुम्ही करू शकता. घरातच त्रास असेल तर मुलांसाठी १०९८ आहे.

## एकाच कॉलने सगळं ठीक होतं का?

नाही. माझ्या मित्राला पहिले पंधरा दिवस काहीच फरक वाटला नाही. एकदा तारीख चुकवली, मग मीच ओढत नेलं. घरी सांगायला दीड महिना लागला. वडील आधी म्हणाले, "हे असलं काही आपल्याकडे नसतं." पुढच्या तारखेला ते स्वतः एसटीने आले आणि डॉक्टरांसमोर हात जोडून बसले.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केलं होतं. त्यात १८ वर्षांवरच्या दर १० जणांत साधारण एकाला मानसिक आजार दिसला, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे "आपल्याकडे" असतं. बोललं जात नाही, इतकंच.

तो सध्या गावी असतो. गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्यात. परीक्षेचं पुढे काय ते त्याने अजून ठरवलेलं नाही आणि मीही विचारत नाही. मागच्या रविवारी त्याचा फोन आला, "अरे, हॉटस्पॉट ऑन होत नाहीये, काय करू?" तसा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी लिंक पाठवली असती. त्याला मी अर्धा तास समजावत बसलो.

आता एक काम करा. हा लेख बंद करण्याआधी १४४१६ फोनमध्ये सेव्ह करा, हव्या त्या नावाने. तुम्हाला लागला नाही तर उत्तमच. रात्री दोन वाजता शेजारच्या कॉटवरच्याला लागू शकतो.

माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या हॉस्टेलच्या, अभ्यासिकेच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. भेटूया पुढच्या लेखात. काळजी घ्या.